अकरा रिकाम्या खुर्च्या

तर ती इस्त्री खिडकीतून बाहेर गेली, इथवर काल आलो होतो. गेली ती वायरीसकट गेली. भिंतीतला प्लग उपटला, त्याच्यासोबत ओंजळभर सिमेंट निघालं, आणि ही सगळी वरात दुसऱ्या मजल्यावरून खाली जाऊन विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसाच्या खांद्यावर उतरली. तो बिचारा आकडे उतरवून घेत होता. शेवटचा आकडा त्याच्या वहीत पार पानाच्या कडेपर्यंत ओढला गेला, तो मी स्वतः डोळ्यांनी पाहिला. डोळ्यांनी म्हणजे एका डोळ्यानं. दुसऱ्यावर पट्टी होती. डोळ्याच्या ऑपरेशनसाठीच मी गावाहून मुलाकडे आलो होतो.

इस्त्री फेकली माझ्या मुलानं. नेम होता माझ्या नातीवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पोरीवर. ती तेव्हा नऊ वर्षांची. तिनं केलं काय होतं? वहीचं पान उलटलं होतं.

मुलगा कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळीला. दिवसभर झोपायचा, आणि घर म्हणजे एकच खोली. सूनबाई शिलाई मशीन घेऊन बाहेर गॅलरीत बसायची, नात कोपऱ्यात. पेन खाली पडलं की एक धपाटा, पाढे पुटपुटले की दोन. त्या दिवशी पान वाजलं आणि इस्त्री उडाली. नात वाकली म्हणून वाचली. लहानखुरी आहे ती, म्हणून तर घरात तिला मुंगी म्हणतात. उंच पोर असती तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

आता तुम्ही विचाराल, हा मुलगा असा कसा निपजला? मलाच विचारा. गावच्या शाळेत आमचे गुरुजी हिरवी फोक घेऊन बसायचे. एकोणतीसचा पाढा चुकला की पोटऱ्यांवर वळ. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यात पाढे कमी आणि वळ जास्त. मग मुलगा झाला, आणि त्याला शिकवताना मला एकच पद्धत माहीत होती. तो एकोणतीसवर अडला की मी पट्टा काढायचो. म्हणजे ती इस्त्री माझ्याच घरातून निघालेली. ही गोष्ट मी हसत हसत सांगतो, पण एवढं वाक्य सांगताना हसत नाही.

इस्त्रीनंतर आठच दिवसांनी पुन्हा पान वाजलं आणि त्यानं तिला थोबाडीत मारली. डाव्या कानातून रक्त आलं, आणि तो कान अजून अर्धाच ऐकतो. तेव्हा मी खाटेवरून उठलो, एका डोळ्यानं नेम धरला आणि हातातली काठी त्याच्या नडगीवर घातली. काठीचे दोन तुकडे झाले. मुलगा खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. मला वाटलं, आता सुधारला. कसला सुधारतोय! पुढं सहा वर्षं तो त्या घरात होता आणि सहाही वर्षं भांडी भिंतीला लागत होती. मग दुसऱ्या शहरात काम धरून गेला, तो तिकडचाच झाला. मी मात्र गावी परत गेलो नाही. नवीन काठी घेतली आणि तिथंच राहिलो.

त्या सहा वर्षांत मुंगी अभ्यासाला घराबाहेर पडायला लागली. कुठं कुठं बसली ती! आणि प्रत्येक जागेची नोंद एका वहीत. रकाने आखलेले: जागा, उजेड, आवाज, संडास, उठवतं कोण, मारतं कोण. शेवटचा रकाना बघून शेजारीण म्हणाली, "अगबाई, हे काय?" मुंगी म्हणाली, "काकू, तोच तर आधी बघायचा असतो."

सरकारी दवाखान्याचं बाकडं तिचं आवडतं. उजेड चांगला, उठवत कुणी नाही, कारण सगळे पेशंट समजतात. एकदा तिथं डोकं फुटलेला एक माणूस आणला, आणि ज्यांनी फोडलं होतं तेही मागोमाग आले, अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला. हातात सळया. काचेचा दरवाजा खळ्ळकन खाली आला, सलाइनचा स्टँड एकाच्या पाठीत बसला, नर्स टेबलाखाली. मुंगी बाकड्याखाली शिरली आणि उरलेली तीन गणितं तिनं तिथं सोडवली. वहीत नोंद आहे: "बाकड्याखाली उजेड कमी पडतो." बस. बाकी मारामारीबद्दल एक अक्षर नाही.

बस डेपोच्या हॉलमध्ये एका दारुड्यानं तिचं भूगोलाचं पुस्तक ओढलं, मग तिचा हात ओढला. कंपासपेटी उघडीच होती. तिनं कर्कटक काढलं आणि त्याच्या मांडीत टोकापर्यंत घुसवलं. तो बोंबलत लंगडत गेला तो चालत्या बसमध्येच चढला, कुठली बस हेही न बघता. त्या दिवशी वहीत डेपोसमोर "मारतं कोण" या रकान्यात लिहिलं आहे: "मी."

असं करत करत ती प्रेसच्या हॉलवर पोचली. एका बंद पडलेल्या छापखान्याचा वरचा मजला. लोखंडी जिना, लांब टेबलं, बेचाळीस खुर्च्या. छापखाना ज्याचा होता तो वारल्यावर त्याच्या बायकोनं तिथं अभ्यासाची जागा सुरू केली. सगळे तिला मावशी म्हणत. घरात ज्यांना बसता येत नाही अशी पोरं-पोरी तिथं येऊन परीक्षांची तयारी करायची. मावशीचा कायदा दोन ओळींचा. बोलायचं नाही. आणि उठून जायचं असेल तर पाण्याची बाटली टेबलावर ठेवायची, ती आहे तोवर अर्धा तास खुर्ची तुझी. अर्ध्या तासाच्या वर झालं की मावशी स्वतः उठून बाटली उचलून आपल्या टेबलावर आणायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच पडली नव्हती. मुंगीच्या वहीत या हॉलपुढचा शेवटचा रकाना कोराच राहिला.

एकच काटा होता. इमारतीचा मालक. फरशांचा व्यापारी. त्याला त्या मजल्यावर गोदाम करायचं होतं, पण छापखान्याचा जुना करार आडवा येत होता. तो दर महिन्याला जिना चढून यायचा आणि मावशीला ऐकवायचा, "बाई, करारात लिहिलंय, शांतता भंग करायची नाही. ज्या दिवशी पोलीस वर आले, त्या दिवशी कुलूप." मावशी म्हणायची, "इथं पंख्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही, शेठ."

मुंगी त्याच हॉलमध्ये सात वर्षं बसून शिकली आणि एका छोट्या ऑफिसात डिझायनर म्हणून लागली. ऑफिस म्हणजे तीन माणसं. साहेब, कोड लिहिणारा एकजण, ज्याला सगळे कोडवालाच म्हणत, आणि ही. मोबाइलच्या पडद्यावर कुठं काय दिसावं, बोट कुठं लागावं, हे ती ठरवायची. साहेबांनी एकदा सांगितलं, काहीतरी नवीन सुचवा. तिनं दुसऱ्या दिवशी वही नेऊन टेबलावर आपटली. "अभ्यासाला चांगली जागा शोधून देणारं अॅप. निम्मं काम झालेलं आहे."

उरलेलं निम्मं करताना तिचे काय हाल झाले ते विचारू नका. नाही, विचारा, मला सांगायचंच आहे. प्रत्येक जागी जाऊन ती एक तास बसायची आणि फोननं आवाज मोजायची, कारण स्वतःच्या डाव्या कानावर तिचा भरवसा नव्हता. एका बड्या लोकांच्या ग्रंथालयातून वॉचमननं तिला दंडाला धरून पायऱ्यांवर ढकललं, गुडघा फुटला. एका चहाच्या दुकानात दोन भावांचं भांडण मिटवायला गेली तर किटली अंगावर. नकाशावर अॅपचे जेवढे ठिपके आहेत त्यातल्या निम्म्यांवर तिचं रक्त सांडलं आहे. बरं, निम्म्यांवर नसेल, पाव म्हणा.

ऑफिसातही शांतता नव्हतीच. साहेबांना शेवटचा रकाना नको होता.

"मारतं कोण! अगं, हे काय लिहितात का अॅपमध्ये? लोक घाबरतील."

"घाबरू देत की, साहेब. घाबरले की दुसरीकडे जातील."

"ते काही नाही. तिथं 'सुरक्षित' असं हिरवं चिन्ह टाक."

"आणि जिथं सुरक्षित नाही तिथं?"

"तिथं काहीच टाकू नकोस."

यावर तिनं हातातली पट्टी टेबलावर अशी मारली की साहेबांच्या कपातला चहा कोडवाल्याच्या कीबोर्डवर गेला आणि कोडवाल्यानं तो कीबोर्ड साहेबांच्या दिशेनं भिरकावला. लागला नाही. पण त्यानंतर शेवटचा रकाना राहिला.

मग साहेबांनी आपली एक मागणी पुढं केली. "जागा चांगली आहे हे कळून काय करायचंय? आत्ता खुर्ची रिकामी आहे का, ते सांगा." ते तिलाही पटलं. तिनं अॅपचा तसा पडदा आखला: जो आत बसला आहे त्यानं मान वर करून बघायचं, रिकाम्या खुर्च्या मोजायच्या आणि आकडा दाबायचा. बाहेरच्याला तो लगेच दिसायचा. दोन कॉलेजांत, तीन चहाच्या दुकानांत चार आठवडे पारखून बघितलं. कुठं अडलं नाही. आणि अॅप बाहेर पडलं तेव्हा सगळ्यात वर, पाच तारे देऊन, तिनं प्रेसचा हॉल ठेवला. माझ्या मांडीवर फोन ठेवून म्हणाली, "बघा आजोबा, मावशींचा हॉल!" मी दोन दिवस तो पडदा ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना दाखवत फिरत होतो.

चूक कुठं होती ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या कुणाच्या आलं नाही. सात वर्षं जिनं बाटली ठेवून खुर्ची राखली, तिला बाटलीचा कायदा सांगायची गोष्ट वाटलीच नाही. पाणी प्यायचं कसं हे कुणी लिहून ठेवतं का?

मोठी परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. मावशीच्या परवानगीनं मी रोज तिथं पेपर वाचायला जायचो, तसा त्या दिवशीही हॉलच्या कोपऱ्यात बसलो होतो. दुपारचे चार. अकरा जण चहाला खाली उतरले, अकरा बाटल्या टेबलावर. त्या दिवशी एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. भली पोर. फोन काढला, मान वळवून मोजलं, आणि दाबलं: अकरा.

दोन गल्ल्या पलीकडे एक हॉस्टेल आहे, तिथं बिघडलेल्या पाण्याच्या पंपावर दिवसभर ठोकाठोक चालली होती आणि कुणाचा अभ्यास होत नव्हता. दहा मिनिटांत जिना धडधडायला लागला. चौदा जण वर आले. अकरा बसले, तिघं भिंतीला टेकून उभे. बाटल्या त्यांनी सभ्यपणे उचलून खाली फरशीवर ठेवल्या. मावशी मागच्या खोलीत होती. मी बोलायला हवं होतं. पण बोलायचं नाही हा हॉलचा कायदा, आणि मी शिस्तीचा माणूस. गप्प बसलो!

मग चहाला गेलेले परत आले. सगळ्यांत पुढं फौजदार. हा काही खरा फौजदार नव्हे. फौजदाराच्या परीक्षेला पाचव्यांदा बसत होता म्हणून नाव पडलेलं. दारात मावणार नाही असा आडवा. त्याच्या खुर्चीवर एक किडकिडीत चष्मेवाला.

"ऊठ."

"का?"

"माझी खुर्ची आहे."

"नाव लिहिलंय?"

"बाटली होती."

"मग परीक्षेलाही बाटलीलाच बसव ना!"

चौदाच्या चौदा हसले. तिथंच बिघडलं. फौजदारानं त्याची कॉलर धरून त्याला खुर्चीसकट उचललं. चष्मेवाला दिसायला किडका, पण त्यानं हवेतूनच जाड शब्दकोश फौजदाराच्या नाकावर हाणला. रक्ताची चिळकांडी उडाली ती थेट माझ्या पेपरावर. मग काय विचारता! बेचाळीस खुर्च्या एकदम सरकल्या. एकीकडून टेबल उलटं झालं, दुसरीकडून दोघं एकमेकांचे केस धरून जिन्याकडे घरंगळले. एकाचा दात फरशीवर टपकला आणि तो स्वतःच वाकून शोधत होता, तेवढ्यात त्याच्या पाठीवर कुणी पाय दिला. जी पोर गणपतीच्या मूर्तीसारखी हलायची नाही, ती एकाच्या मनगटाला चावली होती आणि सोडत नव्हती. वर्षानुवर्षं न बोललेला हॉल तो, सगळं एकदम बाहेर आलं. शिव्या अशा की मी त्यातल्या दोन नव्या शिकलो. पेपर अडकवायची लाकडी काठी माझ्या हातात होती. एक लठ्ठ मुलगा माझ्या अंगावर येत होता, त्याच्या नडगीवर मी ती घातली. नडगी हे माझं ठरलेलं ठिकाण.

मावशी मागून धावत आली, दोन्ही हात पसरून मधे उभी राहिली. कुणीतरी फेकलेली स्टीलची बाटली तिच्या कपाळावर लागली. आवाज घंटेसारखा झाला. ती खाली बसली आणि तिच्या बोटांमधून रक्त वाहायला लागलं. तरी कुणी थांबलं नाही.

आणि हे सगळं चालू असताना, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या तिघांतल्या एकानं अॅपवर अभिप्राय लिहिला: "उजेड चांगला. पंखे आहेत. सध्या मारामारी चालू." तीन तारे दिले शहाण्यानं!

तो अभिप्राय ऑफिसात मुंगीच्या पडद्यावर उमटला. ती तिथून पळत निघाली. जिना चढून दारात आली तेव्हा चष्मेवाला जमिनीवर पडलेला, आणि फौजदारानं लोखंडी पायांची खुर्ची डोक्यावर उचललेली. मुंगी बघत बसली नाही. मधे घुसली आणि उजवा हात वर केला. खुर्ची हातावर आली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो सगळ्या हॉलनं ऐकला आणि सगळा हॉल थिजला.

फौजदाराच्या हातून खुर्ची गळून पडली. "ताई..." एवढंच म्हणाला.

मुंगी खाली बसली. हात कोपराच्या खाली भलतीकडेच वळला होता. पण ती हाताकडे बघत नव्हती. तिला फरशीवर ओळीनं ठेवलेल्या बाटल्या दिसल्या. काही लवंडल्या होत्या. तिचा चेहरा पांढराफटक पडला, तो हातामुळे नव्हे. "बाटल्या," ती म्हणाली. "मी बाटल्या मोजल्याच नाहीत." आणि मग पहिल्यांदा रडली. इस्त्री अंगावर आली तेव्हा रडली नव्हती ती.

पोलीस आलेच. मुंगीनं जबाब दिला, जिन्यावरून पडले. फौजदाराचं नाव त्या कागदावर आलं असतं तर पाच वर्षं पाण्यात गेली असती त्याची. मावशीला कपाळावर सात टाके पडले. तिनंही जबाब दिला, जिन्यावरून पडले. पोलीस म्हणाला, "फार वाईट दिसतोय तुमचा जिना." पण तो वर आला होता. तेवढं मालकाला पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर घातल्यावर मुंगी सरळ मालकाच्या घरी गेली. दोन तास दिवाणखान्यात बसून राहिली. मालक घरात असून भेटला नाही. नोकर येऊन सांगून गेला, शेठ उद्या जागेवरच भेटतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालक हॉलमध्ये हजर. हातात पितळी कुलूप, माझ्या तळहाताएवढं. पोरं जिन्यात रांगेत उभी, पुस्तकं छातीशी धरून. नाकाला पट्टी लावलेला फौजदार, फुटक्या चष्म्याला दोरा बांधलेला चष्मेवाला, दोघं एकाच पायरीवर. मावशी डोक्याला पांढरं फडकं बांधून आपल्या खुर्चीत. त्यात साहेबही आले, हातात टाइप केलेला कागद.

"सही कर," साहेब म्हणाले. मुंगीनं तो मोठ्यानं वाचला. "सदर हॉलमध्ये शिस्त नसल्यामुळे अनुचित प्रकार घडला. अॅपचा त्यात दोष नाही. हॉल नकाशावरून काढून टाकण्यात येत आहे."

मालक खूश झाला. "एक प्रत मलाही द्या, साहेब. करार मोडायला कामाची आहे."

मावशी खालच्या मानेनं टेबलावरचं रक्त नखानं खरवडत होती.

"साहेब, हॉलचा काय दोष?" मुंगी म्हणाली. "इथं अकरा खुर्च्या भरलेल्या होत्या आणि आपण जगाला रिकाम्या सांगितल्या."

"आपण नव्हे. त्या मुलीनं आकडा दाबला."

"तिला कसं कळणार? विचारायचं माझं काम होतं. पडद्यावर एक ओळ हवी होती, जागा राखायची इथली पद्धत काय. ती मी ठेवली नाही."

"हे बघ, तू सही केलीस तर अॅप वाचतं, तुझी नोकरी वाचते. हा हॉल आज ना उद्या बंद होणारच आहे."

"का होणार?"

"अगं, तुला मारलं यांनी! हात मोडला तुझा!"

"माझ्या चुकीनं मोडला, साहेब. माझ्या बापानं कान फोडला तेव्हा तोही हेच म्हणाला होता, चूक त्याची नाही, पान वाजवणाऱ्याची. तसल्या कागदावर मी सही कशी करू?"

हे ऐकून मी पेपर तोंडासमोर धरला. उलटा होता म्हणे.

मुंगीला एका हातानं कागद फाडता येईना. मग तिनं तो दातात धरला, डाव्या हातानं खस्सकन ओढला आणि अर्धा साहेबांच्या बुटावर थुंकला. जिन्यातून टाळ्या पडल्या. साहेब लाल झाले. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणून उतरायला लागले. जिना भरलेला होता आणि कुणी बाजूला सरकत नव्हतं, म्हणून त्यांना प्रत्येक पायरीवर "जरा, जरा" करत, खांद्यांचे धक्के खात जावं लागलं. एक धक्का फौजदाराचा होता. त्या धक्क्यानं साहेब शेवटच्या चार पायऱ्या एकदमच उतरले.

मालक जागचा हलला नव्हता. त्यानं कुलूप या हातातून त्या हातात घेतलं आणि हसत म्हणाला, "झालं तुझं नाटक? चूक तुझी, कबूल. पण रक्त माझ्या जागेत सांडलं आणि पोलीस माझ्या जागेत आले. कुलूप लागणार म्हणजे लागणार. नोकरी गेली, हात मोडला. आता तू काय करणार आहेस, बाई?"

त्यानंतर ते कुलूप मालकाच्या कोटाच्या खिशात गेलं आणि आजपर्यंत बाहेर आलेलं नाही. ते ज्या उत्तरामुळे गेलं ते मी शब्दाला शब्द लिहून देतो, कारण ती बोलत असताना मी तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभा होतो आणि माझे दोन्ही कान अजून शाबूत आहेत. मुंगी म्हणाली:

"लावा की कुलूप, शेठ. काल दोन तास मी तुमच्या दिवाणखान्यात बसून होते. चार पंखे आहेत, वीस माणसांचं टेबल आहे, आणि तुम्ही आतल्या खोलीत लपून बसल्यामुळे आवाजही अजिबात नव्हता. अॅपवर नवीन जागा कुणालाही टाकता येते, त्याला नोकरी लागत नाही आणि दोन हातही लागत नाहीत. उद्या सकाळी सात वाजता ही बेचाळीस माणसं तुमच्या दारावरची बेल वाजवतील, फौजदार सगळ्यांत पुढं असेल, आणि बाटलीची पद्धत या वेळी मी लिहून ठेवीन."